वांझ फुलांची भजी

म्हसळ्याजवळच्या आमच्या गावात त्या सकाळी मनुबाईच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. भोपळ्याच्या वेलांवर तिने बारीक जाळीचं घर उभारलं होतं. बाहेर अख्खा गाव, आत गुणाजी भगत मोरपीस फिरवत. जाळीतली फुलं गळून जात, फळ म्हणून धरत नव्हतं. पण मागच्या खेपेला भगताने ज्या फुलांना 'देवीची हळद' लावली, तेवढीच धरली होती!

"वेलावर वांझ सावली हाय," भगत घुमत म्हणाला. "ती उंबऱ्याभायेर गेली, की वेल भरंल, पाळना बी हलंल!"

सावली म्हणजे मनुबाईची सून, प्रणाली. लग्नाला वर्षं लोटली, मूल नाही. तिची भरलेली पिशवी ओटीवर होती. नवरा ओंकार खाली मान घालून उभा.

प्रणाली माझी शाळेतली जुनी विद्यार्थिनी. तिने माझा हात घट्ट धरला. "बाई, कायतरी करा. आई न्हाय, भाऊ दारात उभं करणार न्हाय. मी जाऊ कुठं?"

मला रडू येत होतं आणि रागही. देवीला भोपळ्यात एवढा रस कधीपासून?

तेवढ्यात मनुबाईने भगतापुढे गरम भजी ठेवली.

"कसली हो?" मी विचारलं.

"फुलांची. ज्यांच्याखाली फळ नसतं ना, ती वांझ फुलं. रोज सकाळी खुडते. वेलावर ठेवून काय उपेग?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सरळ भगताच्या झोळीत हात घातला.

"इटाळ व्हईल!" तो ओरडला.

झोळीतून तीच 'वांझ' फुलं निघाली, पाकळ्या काढलेली. माझी बोटं पिवळी झाली.

"मनुबाई, ही वांझ नाहीत, नर फुलं आहेत. खाली बोंडी असते ती मादी. नराचे पराग तिला लागले तरच फळ धरतं. ते काम मधमाशी करते. फळमाशी नको म्हणून तुम्ही जाळी लावली, तिच्यासोबत मधमाशीही बाहेर राहिली. वर नर फुलं कढईत! या भगताची हळद म्हणजे हेच पराग."

"मंग या वांझेच्या हातानं फळ धरून दावा!" भगत गरजला.

प्रणालीने एक नर फूल मादी फुलावर टेकवलं. निकाल लागेपर्यंत पिशवी ओटीवरच राहिली. रोज उठून प्रणाली आधी ती बोंडी बघायची.

बोंडी गळली नाही. नारळाएवढी झाली तेव्हा भगताने गावात येणं सोडलं होतं.

मी मनुबाईला म्हणाले, "दोष मादी फुलाचा नव्हता, तरी गळत होतं तेच. आता दवाखान्यात जा. प्रणालीला तपासा आणि ओंकारलाही."

"माज्या ल्येकाला?" मनुबाई उसळली.

"हो. कारण शोधायचं तर दोघांत शोधा. भगताच्या झोळीत ते सापडणार नाही. आणि कारण काहीही निघो, माणसाला घराबाहेर काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे."

ओंकारने मान वर केली. "येतो मी, बाई," तो म्हणाला.

प्रणालीने पिशवी उचलली, आत नेली आणि रिकामी केली.