मामाचा हात

वजनकाट्याच्या झोळीत बसवलं तरी कल्पना रडली नाही. सोनगीरकडच्या गावांना नव्यानेच बदलून आलेला आरोग्यसेवक आधार वाकला, आकडा दोनदा पाहिला आणि अंगणवाडीच्या लताबाईंना म्हणाला, "पाच किलो सातशे." चार महिन्यांत पोरीचं वजन रतीभर वाढलं नव्हतं. पोर अकरा महिन्यांची.

आपल्याच घराच्या दाराशी बसलेल्या तिच्या आजीने, झुंबरबाईने, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने काय कमी केलं होतं? मीठमिरच्या ओवाळून झाल्या, गळ्यात ताईत बांधून झाला, दूध पातळ म्हणून सुनेला, कमलबाईला, महिनाभर मेथीचे लाडू चारून झाले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पोरीच्या तोंडात भाताचं शीत गेलं नव्हतं, कारण उष्टावण झालं नव्हतं. आणि उष्टावण झालं नव्हतं, कारण मामा येत नव्हता.

मामा का येत नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. झुंबरबाईच्या धाकट्या लेकीच्या लग्नात कमलबाईच्या भावाला, अभिमनला, मानाची टोपी घालायची राहून गेली. तो भरल्या ताटावरून उठला. नंतर तीन निरोप गेले. तिन्हींना एकच उत्तर आलं, झुंबरबाईने स्वतः भडगावला येऊन टोपी घालावी. चूक आपलीच, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. पण लेकाच्या वयाच्या माणसापुढे हात जोडायचे म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्यात तिने चारचौघांत सांगून ठेवलं होतं, मामाचा हात लागल्याशिवाय नातीच्या तोंडी दाणा जायचा नाही.

लताबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. पेज द्या, वरणाचं पाणी द्या, कुस्करलेली भाकरी द्या. नुसत्या आईच्या दुधावर आता भागत नाही. असंच चाललं तर साध्या हगवणीलाही ही टिकायची नाही. रोज तेल लावताना त्या काड्यांसारख्या पायांवरून झुंबरबाईचाच हात फिरत होता. ती मनातून घाबरली होती, पण आता शब्द मागे कसा घ्यायचा, हे तिला सुचत नव्हतं.

आधार तक्ता भरायला बसला. कमलबाई पदर नाकापर्यंत ओढून खांबाआड उभी होती. त्याने तिला माहेर विचारलं.

"भडगाव."

त्याने मान वर केली. "मी बी भडगावना. कोनी पोर शे तू?"

"झुलालआबानी."

झुलालआबांना तो ओळखत होता. गिरणा नदीवर त्यांच्या म्हशी असायच्या त्याच घाटावर तो पोहायला शिकला होता. कमलबाईने पदर कपाळामागे सारला. माहेरच्या गावच्या माणसापुढे बाई तोंड झाकत नाही. तो कुठल्याही घरचा असो, भाऊच. लग्नानंतरच्या चार वर्षांत त्या ओट्यावर बाहेरच्या पुरुषापुढे सुनेचं तोंड पहिल्यांदाच उघडं झालं होतं. झुंबरबाई बघतच राहिली.

मग ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने वाटीत दूधभात मऊ कालवून बाहेर आली आणि तिने वाटी आधारपुढे धरली.

"हात धोई ले, भाऊ."

त्याने वाटीला हात लावला नाही. "अक्का, मी बौद्धवाडाना शे."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. गावात कालच चर्चा झाली होती. पण तिने वाटी मागे घेतली नाही.

"भडगावना शे ना?"

"शे."

"मंग पोरना मामा शे."

आधारने हात धुतले आणि बोटभर भात पोरीच्या ओठांना लावला. तिने आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग जीभ फिरवली, मग त्याचं बोटच धरून तोंडात ओढलं. कमलबाईला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. लताबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी दोनच घास पुरे.

झुंबरबाईने वाटी परत घेतली, उरलेला भात संध्याकाळसाठी नीट झाकून ठेवला आणि सुनेकडे वळली.

"अभिमनले निरोप धाड. मामा येई गया म्हना."