पाटीवरची आई

मी एक जुना मातीचा रांजण आहे. कोरियातल्या एका माजी राष्ट्राध्यक्षांचे बालपण ज्या घरात गेले, त्या घराच्या परसात मी उभा आहे. मित्रांनो, बोलायची मला सवय नाही; काही चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्याजवळच्या पाटीवर लिहिले आहे, ‘साहेबांच्या मातोश्री रोज पहाटे या रांजणावर पाण्याची वाटी ठेवून मुलासाठी प्रार्थना करीत.’ वाटी खरी आहे. आई मात्र दुसरीच होती.

भट्टीतून निघालो तो मी नदीकाठच्या एका गावी आलो. तिथल्या ओकसिमबाईंनी माझ्यात सोयाबीनचा काळा रस मुरवला. माझ्या पोटावर त्यांनी कागदी मोजा उलटा, बोटे वर करून चिकटवला. घरात शिरणारे वाईट त्यात अडकते, अशी आमच्याकडची समजूत. शेजारणी त्यांच्या रसाचे कौतुक करीत.

मग त्यांच्या शिकणाऱ्या मुलाला, तेहोला, साहेबांच्या राजवटीत पोलिसांनी उचलून नेले. तो परत आला नाही. तेव्हापासून माझ्या झाकणावर पहाटेची वाटी आली, आणि ओकसिमबाई जाईपर्यंत ती कधी चुकली नाही. एका हिवाळ्यात माझा गळा तडकला, तर धाकट्या लेकीने, बुन्येने, तो तारेने आवळला. पुढे गाव धरणात गेले. मागे राहिलेले आम्ही रांजण या घराच्या शोभेसाठी गोळा केले गेलो. इथल्या लोकांनी माझ्यावर नवा मोजा चिकटवला.

परवा एक कुटुंब सहलीला आले. आजी, तिचा मुलगा आणि नात. मला बघून आजी हसू लागली.

“अगं बाई, मोजा सुलटा! कुठल्या सुनेनं चिकटवला हा?”

“आई, हळू बोल. एवढ्या मोठ्या माणसाच्या घरी उलटा मोजा बरा दिसेल का?”

“मोठ्यांच्या घरी भुतं परवानगी मागून येतात वाटतं!”

थट्टा करीत ती माझ्यापुढे बांधलेली दोरी ओलांडून जवळ आली. तिचा हात माझ्या गळ्यावरून फिरला आणि तारेवर थांबला. ती बुन्ये होती.

“हा आमचा आहे,” ती म्हणाली. “आईचा. हा पीळ माझ्या हातचा.”

नातीने पाटी वाचून दाखवली. “पण आजी, इथं तर...”

“ती वाटी माझ्या दादासाठी होती गं! ज्याच्या माणसांनी त्याला नेलं, त्याच्याच आईच्या नावावर घातली?”

रखवालदार धावत आला. “आजी, दोरीच्या मागं व्हा.”

“होते. तेवढी पाटी बदला. माझ्या आईचं नाव लिहा.”

“इथं येणाऱ्या प्रत्येक आजीला आपलाच रांजण सापडतो,” तो हसला.

मुलगा खाली बघत म्हणाला, “आई, चल. बस सुटेल.”

मला ओरडायचे होते. पण रांजणाला तोंड असते, आवाज नसतो.

बुन्येने नातीच्या बाटलीतले पाणी माझ्या झाकणाच्या खळग्यात ओतले, प्रार्थना करताना तिची आई घाशी तसे तळहात एकमेकांवर घासले आणि ती निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण एखादी म्हातारी त्यांना हात लावू लागली, तर तिला हटकण्याआधी विचारा की ती कोण.

रखवालदाराने माझे झाकण फडक्याने कोरडे केले. मग त्याच फडक्याने पाटीही पुसली. आता ती लांबूनसुद्धा स्वच्छ वाचता येते.