कमी माणसांत बाग

पन्नाशी-साठीची माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून घसरगुंडीवरून घसरत होती आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. देशभरचे उद्यानवाले वर्षातून एकदा अधिवेशनाला जमले की हे असंच चालतं. प्रदर्शनाच्या दालनात कुणी झोक्याची साखळी ओढून बघतो, कुणी रबरी जमिनीवर टाच आपटतो, आणि विकत घ्यायची ऐपत कुणाचीच नसते. व्हर्ना सोबोत्का दर वर्षी या सगळ्यांत पुढे असायची. यंदा मात्र तिच्या ओळखपत्राखाली ‘वक्ता’ अशी जांभळी फीत चिकटवलेली होती आणि ती घसरगुंडीकडे फिरकलीही नव्हती.

“तोंड का असं पाडलंयस गं?” फर्न ऑस्ट्रँडरने तिला कोपराने ढोसलं. फर्न मिनेसोटातल्या एका गावाची उद्यानप्रमुख. दोघींची मैत्री अशा अधिवेशनांतलीच. “समोर सगळे आपलेच बसणार. चुकलीस तरी टाळ्या वाजवतील मेले.”

“सगळे आपले कुठले? कर्टिस आलाय.”

कर्टिस एंगल म्हणजे टिल्डन फोर्कचा नगर व्यवस्थापक, वयाने लहान असला तरी व्हर्नाचा साहेब. नेब्रास्कातल्या त्या गावाच्या उद्यान विभागात एके काळी बऱ्यापैकी माणसं होती. कुणी निवृत्त झालं, कुणाची जागा पुन्हा भरलीच नाही, आणि आता उरली दोन डोकी: प्रमुख व्हर्ना आणि हाताखाली वेंडेल प्रुइट. गवत कापायचं, मैदानं आखायची, पोहण्याचा तलाव घासायचा, थंडीत रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा, सगळं वेंडेलच करायचा. आणि नव्या वर्षापासून त्याची जागाही रद्द करायचं नगर परिषदेच्या मनात होतं.

नोकरी गेली तर वेंडेल एक वेळ अर्धपोटी राहिला असता. पण त्याची बायको ओपल डायलिसिसवर होती आणि तिचा विमा वेंडेलच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की विमा गेला. आणि त्याच्या वयाच्या माणसाला दुसरं कोण दारात उभं करणार? व्हर्नाने कर्टिसला गळ घातली होती, ‘अधिवेशनाला या, माझं भाषण ऐका, आमचा विभाग काय करतो ते बघा आणि मग ठरवा.’ तो आला. माणूस आला म्हणजे त्याच्या मनात काही तरी आहे, असं बिचारीने धरलं.

“काय काय सांगणार आहेस?” फर्नने विचारलं.

“आम्ही जे जे केलं ते सगळं. लपवायचं काय त्यात?”

फर्न जरा घुटमळली. “साहेब समोर आहे ना, मग आधी दुखणं सांग बाई. पराक्रम नंतर.”

“रडगाणं ऐकायला कोण येतं गं?” व्हर्ना म्हणाली आणि सभागृहाकडे निघाली.

बोलली मात्र झकास. आयुष्यात कधी बोलली नव्हती इतकं. पडद्यावर टेकडीचं चित्र आलं. कापायला माणूस नाही म्हणून तिथलं गवत तसंच वाढू दिलं आणि ‘फुलपाखरांचं कुरण’ अशी पाटी ठोकली. आता लोक तिथे लग्नाचे फोटो काढतात! सभागृह हसलं. तलावाला जीवरक्षक मिळेनात, तर निवृत्त शिक्षकांना शिकवून उभं केलं. ल्यूथरन चर्चच्या बायका फुलांचे वाफे बघतात, त्यांचे नवरे बाकं रंगवतात. आणि वेंडेल. त्याच्या चित्रापाशी ती मुद्दाम थांबली.

“हा माणूस एकटा तिघांचं काम करतो,” ती म्हणाली. “त्याच्या जिवावर सांगते, आमच्या गावात एकही मैदान एक दिवसही बंद राहिलं नाही. माणसं गेल्याचं आम्ही एकाही पोराला कळू दिलं नाही. आजवर एका आईची तक्रार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हे दुखणं त्या खोलीत कुणाला नव्हतं? मागच्या रांगेतली एक बाई तर चक्क डोळे पुसत होती. पहिल्या रांगेत कर्टिस उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि व्हर्नाचा जीव भांड्यात पडला.

बाहेर आल्या आल्या त्याने तिचे दोन्ही हात धरले. “व्हर्ना, मानलं तुम्हाला! माझं केवढं ओझं उतरवलंत.”

“म्हणजे वेंडेलचं—”

“हो ना, तेच. त्याची जागा काढली तर गाव अंगावर येईल, हीच मला धास्ती होती. तुम्ही तर पुरावाच दाखवलात. इतकी माणसं कमी झाली आणि एक तक्रार नाही! आत्ताच परिषदेच्या अध्यक्षांशी फोनवर बोललो. तेही खूश आहेत. ठरलं.”

व्हर्नाने हात सोडवून घेतले. “अहो, तो तिघांचं काम करतो! मी सांगितलं ना आत्ता!”

“सांगितलंत की. त्या तिघांतले दोघं गेले, तरी काही बिघडलं का?”

“ते कुरण नाहीये, कर्टिस. रान माजलंय तिथे. तलावाचा पंप वेंडेल तारेने बांधून चालवतो.”

“चालतो ना पण?” तो कळवळून म्हणाला. हलकट माणूस नव्हता तो, हेच वाईट होतं. “ओपलचं ऐकून मलाही वाईट वाटतं हो. पण कुणाच्या विम्यासाठी मी बाग चालवू का? तुम्हीच सांगा.”

आपल्याच हाताने तिने धोंडा उचलला होता आणि पडला तो वेंडेलच्या पायावर. कर्टिसच्या मागे दुसऱ्या गावांचे दोन व्यवस्थापक ताटकळत उभे होते. फारच उपयोगी भाषण, स्लाइड मिळतील का, असं विचारत होते. व्हर्नाने नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर कर्टिसने त्यांना पाठवूनही दिल्या.

प्रदर्शनात विकायला ठेवलेल्या एका कोऱ्या बाकावर ती जाऊन बसली. फर्न शेजारी येऊन टेकली. तिच्या कानावर सगळं आलं होतं.

“शिव्या घाल मला,” व्हर्ना म्हणाली.

“कशाला? मीही आयुष्यभर हेच केलं. माझ्या हातात फक्त माइक नव्हता. माझ्या साहेबानेही तुझ्या स्लाइड मागवल्यात.”

व्हर्नाला रडूही येईना. परिषदेचं पत्र वेंडेलच्या दारात पडायच्या आत त्याला आपल्या तोंडून कळायला हवं, एवढंच तिला सुचलं. तिने फोन लावला.

“काय बाईसाहेब!” पलीकडून वेंडेलचा खणखणीत आवाज आला. “पडल्या का टाळ्या? का टोमॅटो पडले? ओपल सकाळपासून विचारतेय.”

“वेंडेल, तुझी जागा गेली रे,” ती म्हणाली. आडवळणाने सांगायचं तिच्यात त्राणच नव्हतं. “माझ्यामुळे गेली. मी तिथे उभी राहून आपलं सगळं कसं छान चाललंय ते सांगत बसले.”

पलीकडे मागे कुठे तरी पोरं ओरडत होती.

“डिसेंबरअखेर?” त्याने शेवटी विचारलं.

“हो.”

“ओपलला आज नाही सांगत. उद्या डायलिसिस आहे तिचं. झालं की सांगेन.”

“माझ्यावर ओरड तरी, वेंडेल.”

“ओरडून काय होणार बाई?” तो थकलेल्या आवाजात म्हणाला. मग त्याने घसा साफ केला. “पण वसंतात पोरांचे सामने सुरू होतील. मैदान कोण आखणार? तुला ते रेघा मारायचं यंत्र सरळ धरता येत नाही. मी येत जाईन सकाळचा. पैसेबिसे नकोत. पोरांना कशाला कळायला हवं?”

नाही म्हणायचं होतं तिला. येऊ नकोस, पाऊल टाकू नकोस तिथे, वाकड्या रेघा दिसू देत गावाला, पडू दे बंद मैदान, येऊ देत आया भांडायला, असं सगळं ओठांवर आलं होतं. मग फाटकाला कुलूप बघून माघारी फिरणारी पोरं तिच्या डोळ्यांसमोर आली.

“ये,” ती म्हणाली. “किल्ली तुझ्याकडेच ठेव.”