बद्रियाच्या शेडमधली लाल गाडी

शुक्रवारी असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज आटोपली आणि बद्रियाच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. पन्नासएक माणसं शेडखाली दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका लाल गाडीवर खिळले होते. गाडी साधीसुधी नव्हती. दोनच माणसं बसणार, पोट जमिनीला घासत जाणार, इंजिन पाठीमागे आणि डिकी पुढे असा सगळा उफराटा कारभार. बद्रियाच्या मुलाने, बर्राकने, तीन वर्षं वाट बघून ती मिळवली होती. उन्हाळ्याचे तीन महिने सगळं घर परदेशी होतं. परत येऊन बघतात तर गाडी ढिम्म. कशीबशी किल्लीने दारं उघडली, पण इंजिन हूं की चूं करीना. त्याच शेडमधल्या जुन्या फ्रीजमध्ये ठेवलेली मासळीही कुजली होती आणि तिचा वास अजून रेंगाळत होता.

अशा वेळी शहाणा माणूस मेकॅनिकला बोलावतो. बद्रियाने, म्हणजे माझ्या चुलत बहिणीने, अबू सिराजला बोलावलं.

हा अबू सिराज पूर्वी उंटांची दृष्ट काढायचा, मग लहान मुलांची काढू लागला. कुवेतात गाड्या वाढल्या तसा तो गाड्यांची काढू लागला. काळाबरोबर चालणारा भोंदू. दाढीला मेंदी, बाह्या ढगळ, आवाजात मध, आणि हातात भलंमोठं पितळी धुपाटणं.

"लोखंडालाही जीव असतो, ताई," तो बद्रियाला सांगत होता. "डोळा लागला की तेही आजारी पडतं. चार सिलिंडरला कमी लागतो, आठ सिलिंडरला जास्त."

"आणि सायकलला नुसती शिंक येत असेल," मी शेजारच्या बाईला म्हटलं. ती हसली नाही. उलट माझ्यापासून वीतभर लांब सरकली.

अबू सिराजने पुढची डिकी उघडली, धुपाटणं आत बॅटरीपाशी ठेवलं आणि स्वतः वर असा ओणवा झाला की त्याच्या झग्याखाली सगळं झाकलं गेलं. पाच मिनिटं पुटपुटणं, तीन वेळा फुंकर. मग मान वर न करता तो म्हणाला, "बर्राक, बेटा, दाब बटण."

इंजिन असं गरजलं की शेडवरची कबुतरं उडाली. लोक "माशाअल्ला, माशाअल्ला" करत एकमेकांना मिठ्या मारू लागले. बद्रियाने डोळे पुसले. दहा मिनिटं गाडी जागच्या जागी गुरगुरली आणि बर्राकने ती बंद केली.

"दृष्ट निघालेली नाही, नुसती थोपवलीय," अबू सिराज म्हणाला. भिंतीला लावलेला बर्राकचा चार्जर त्याने काढायला लावला. "दृष्ट असेपर्यंत दुसरं यंत्र जवळ नको. आणि ही नजर बाईची आहे. तुम्ही प्रवासाला निघायच्या आधी तिने या घरात कहवा घेतला, गाडी पाहिली, वाखाणली, आणि नजर लागू नये म्हणून माशाअल्ला म्हणतात, ते म्हणाली नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या त्या मुनीराकडे.

मुनीरा माझी शाळेपासूनची मैत्रीण. नवऱ्यामागे नऊ वर्षं एकटीने मुलगी वाढवली, आणि त्या मुलीचा, अनूदचा, तीन आठवड्यांनी याच बर्राकशी निकाह ठरलेला. जूनमध्ये ती इथे आली होती तेव्हा "काय देखणी गाडी आहे रे" एवढंच म्हणाली होती. मी शेजारीच उभी होते.

बद्रियाने स्वयंपाकिणीला सगळ्यांदेखत सांगितलं, "मुनीराबाईंचा कहव्याचा फिंजान धुवू नका. बाजूला ठेवा."

आमच्याकडे याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. ज्याच्या नजरेचा संशय असतो त्याचा उष्टा कहवा पाण्यात कालवून पछाडलेल्यावर शिंपडायचा. तोंडाने आरोप करायची गरजच उरत नाही, नुसता पेला उचलून ठेवला की झालं. अनूद आईच्या मागे उभी होती आणि बर्राक स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मला त्या घडीला गाडीपेक्षा तोच जास्त मेल्यासारखा वाटला.

तिसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. उष्ट्या कहव्याचं पाणी शिंपडूनही पडली. अबू सिराजचा निकाल तयारच होता: नजर जबरदस्त आहे, पेल्याने भागणार नाही. येत्या शुक्रवारी मुनीराने चारचौघांत तोंड-हात धुऊन ते पाणी द्यावं, ते गाडीवर ओतावं, आणि मग तो आपला 'राखणदार' बसवेल. बद्रियाने निरोप धाडला की तोवर निकाहाची तारीख स्थगित.

"देते मी पाणी," मुनीरा मला म्हणाली. "पाण्याने माझं काय जातंय?"

"पाणी दिलंस की गुन्हा कबूल केलास."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मन साफ नाही म्हणून नाही दिलं म्हणतील."

"मग मास्तरीणबाई, दोन्हीकडून मीच ना? निदान पोरीचं लग्न तरी होऊ दे."

मी तीस वर्षं मुलींना भौतिकशास्त्र शिकवलंय. आख्खं गाव मला 'बाई' म्हणतं, आणि गणित चुकलं की संताप येणं हा माझा जुना आजार आहे. मी तिला म्हटलं, "शुक्रवारपर्यंत मला वेळ दे."

आधी गेले याकूबकडे. याकूब बद्रियाचा दीर, त्याच्या सहा गाड्या आणि सहाही गाड्यांना अबू सिराजचा राखणदार. गल्लीत ज्याला त्याला पुरावा म्हणून हेच सांगितलं जायचं की याकूबची गाडी कधी बंद पडली नाही.

"बघून घे, बाई," याकूब म्हणाला. प्रत्येक गाडीशेजारी हिरव्या कापडात शिवलेला डबा होता. "तीन उन्हाळे झाले. बोट लावायची काय टाप आहे दृष्टीची?"

"वापरायचा कसा?"

"नियम कडक आहेत. लाल दोरा बॅटरीच्या लाल टोकाला, काळा काळ्याला. त्यानंतरच भिंतीतलं बटण. सोडवताना उलट क्रम. आणि प्रवासाला गेलो तरी बटण बंद करायचं नाही. केलं तर आतला राखणदार जिन्न उपाशी राहतो आणि घरावर उलटतो."

"उघडून पाहिलास कधी?"

"मला मुलंबाळं आहेत, बाई."

तिथून बद्रियाच्या शेडमध्ये. बर्राकचा चार्जर खिळ्याला टांगलेला होता. त्याला बॅटरी मेंटेनर म्हणतात. गाडी उभी असताना तो बॅटरीला थेंबथेंब वीज पाजत राहतो, आणि पोट भरलं की आपोआप हात आखडता घेतो. साधा चार्जर महिनोन् महिने लावून ठेवला तर बॅटरी जाळेल. हा जाळत नाही. हा नग तर गाडीबरोबरच आलेला, तिच्या बॅटरीला अगदी योग्य.

"उन्हाळाभर लावला होतास?" मी विचारलं.

"मी स्वतः लावला, मावशी," बर्राक म्हणाला. "दिवा हिरवा झालेला बघून विमानतळावर गेलो. यंत्र लावूनही बॅटरी मेली, म्हणून तर खात्री पटली ना, की दृष्टच आहे."

पोरगा मूर्ख नव्हता. त्याने गणित अर्धं बरोबर सोडवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी दुसऱ्याच्या आईचा बळी द्यायला निघाला होता. मी कुजक्या फ्रीजची तार कुठे जाते ते पाहिलं, आणि घरी आले.

शुक्रवारी अंगणात मागच्यापेक्षा दुप्पट गर्दी. मध्ये एक तस्त, एक तांब्या, आणि मुनीरा खुर्चीवर, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. मी शाळेतला मोठ्या आकड्यांचा व्होल्टमीटर नेला होता. लांब तारांनी तो बॅटरीला जोडला आणि सगळ्यांना दिसेल असा गाडीच्या टपावर ठेवला.

"हे कशाला?" अबू सिराजच्या आवाजातला मध जरा पातळ झाला.

"दृष्ट किती व्होल्टची आहे ते पोरींना शिकवायचंय," मी म्हटलं. "तुम्ही चालू द्या."

आकडा नऊवर होता. बारा-तेरा हवा. अबू सिराजला माघार घेता येईना. धुपाटणं आत गेलं, झगा वर पसरला, पुटपुटणं सुरू झालं. आणि आकडा टुणकन तेरावर गेला. लोकांच्या तोंडून माशाअल्ला निघालं.

"शेख, आता धुपाटणं तेवढं बाजूला घ्या," मी म्हटलं. "दुआ खरी असेल तर आकडा तिथेच राहील."

"चालू पाठ अर्ध्यावर मोडता येत नाही, बहीण."

तो हलणार नाही हे मला ठाऊक होतं. मी बद्रियाकडे वळले. "कसली यजमानीण तू? घरात धूप फिरवायचा मान घरधनिणीचा. पाहुण्याला धुपाटणं धरायला लावतेस, आणि तेही इतक्या लोकांत?"

बद्रियाला जग बुडालं तरी चालेल, पण पाहुणचारात उणं काढलेलं चालत नाही. ती तरातरा पुढे गेली, "द्या इकडे, शेख" म्हणाली आणि तो अडवायच्या आत तिने धुपाटणं दोन्ही हातांनी उचललं. ते वर आलं आणि त्याच्या बुडातून दोन तारा ताणल्या गेल्या, एक लाल, एक काळी. चिमटे बॅटरीवरून सुटले आणि आकडा नऊवर आपटला.

तेल गेलं, तूप गेलं, बद्रियाच्या हाती धुपाटणं आलं.

मी ते उलटं केलं. वर निखाऱ्याची वाटी, मध्ये जाड पत्रा आणि पोटात एक जंप स्टार्टर. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला धक्का द्यायला मेकॅनिक ठेवतात ती मुठीएवढी ताकद. वर विस्तव आणि खाली असली बॅटरी. हा गृहस्थ एखाद्या दिवशी स्वतःच उडाला असता आणि तेवढा चमत्कार खरा झाला असता.

"तारा म्हणजे काय, दुआ वाहून न्यायचं साधन," अबू सिराज म्हणाला. "मी कुठे नाही म्हटलं?"

"मग दुआ कोरडी पडल्यावर रात्री कुठे चार्जिंगला लावता?"

कोणीतरी हसलं, आणि हसू पसरत गेलं. याकूब मात्र हसत नव्हता.

"बाई, पण माझे डबे?" तो म्हणाला. "ते तर खरंच चालतात."

"चालतातच." त्याचा एक डबा मी बरोबर आणायला लावला होता. कात्रीने शिवण उसवली. आतून निघाला साधा बॅटरी मेंटेनर, नाव खरवडलेला, कुठल्याही दुकानात मिळणारा. "तुझ्या गाड्यांना शिशाच्या बॅटऱ्या आहेत. त्यांना हा चालतो. जिन्नाने नाही, विजेने चालतो. कारण जिन्नाच्या भीतीने तू बटण बंद करत नाहीस. यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत हेच नियम फुकट छापलेले असतात, ते कोणी वाचत नाही. पण हाच डबा बर्राकच्या गाडीला लावला असता तर घात झाला असता. तिची बॅटरी लिथियमची. शिशाच्या बॅटरीच्या पट्ट्या साफ करायला हा मधूनच जोराचा दाब देतो, लिथियमला तो सोसत नाही. बॅटरी कसली आहे ते बघून मेंटेनर घ्यायचा असतो. अबू सिराजकडे सगळ्या रोगांना एकच डबा."

"पण माझ्याकडे बरोबरचा होता ना, मावशी," बर्राक म्हणाला. "मग गाडी का मेली?"

"बद्रिया," मी विचारलं, "प्रवासाला निघताना तू काय काय बंद करतेस?"

"सगळं," ती अभिमानाने म्हणाली. "सगळे गाडीत बसले की शेवटची मी. गॅस बंद, पाणी बंद, अंगणातल्या लाइनचं मेन बटण बंद. आग लागायला नको. बिस्मिल्ला म्हणून माझ्या हाताने..."

तिची नजर फ्रीजकडे वळली. शेडमधला फ्रीज त्याच लाइनवर होता, म्हणूनच मासळी कुजली. बर्राकचा मेंटेनरही. तो विमानतळाकडे निघाला तेव्हा हिरवा असलेला दिवा त्याच्या आईने पाच मिनिटांत विझवला होता. गाडीचा अलार्म, घड्याळ, किल्लीची वाट बघणारं यंत्र रोज थोडी थोडी वीज पीत राहिलं, बाहेर पन्नास अंशांचं ऊन, आणि तीन महिन्यांत बॅटरी कोरडी. दहा मिनिटं इंजिन फिरवून ती भरत नाही, आणि भरू शकणारा मेंटेनर अबू सिराजने काढायला लावला होता, म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा मेली.

अबू सिराज फाटकाकडे सरकत होता. याकूब आडवा झाला. त्यांचं पुढे काय झालं ते याकूबचं याकूब जाणे. मला त्यात रस नव्हता.

"बरं, तो खोटा निघाला," बद्रिया हळूच म्हणाली. "पण सबीका, म्हणून दृष्ट खोटी थोडीच होते?"

मला तिचा तेव्हा आला तेवढा राग कधी आला नव्हता. "बटण बंद करायला हात लागतो, बद्रिया," मी म्हटलं. "डोळ्याने होत नाही ते. आणि तो हात तुझा होता."

मुनीरा खुर्चीवरून उठली नव्हती. ती बोलली तेव्हा तस्ताकडे बघत बोलली. "आज मी पाणी दिलं असतं आणि गाडी चालू झाली असती. मग मीही मानलं असतं. मानायला लागलेच होते. माझ्या भाच्याला या सोमवारी मुलगी झाली. दवाखान्यात त्यांनी तिला माझ्या मांडीवर दिलं आणि मी तोंड फिरवलं. वाटलं, आपली नजर पडून लेकराला काही झालं तर? चार दिवसांच्या पोरीचा चेहरा मी पाहिलेला नाही."

बर्राक पुढे आला आणि अनूदला म्हणाला, "चुकलं माझं."

"मला नको सांगू," अनूद म्हणाली. "आईला सांग. आणि लग्नाचं मी आत्ता काही बोलणार नाही. तू आठ दिवस गप्प होतास, मलाही थोडे दिवस लागतील."

तो सगळ्यांदेखत मुनीरासमोर खाली बसला. बद्रियाला बसायला आणखी अर्धा तास लागला, पण बसली. मी मुनीराला गाडीत घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं. तिथे तिने त्या पोरीला डोळे भरून पाहिलं, आणि पोरीला काही झालं नाही.

ज्यांच्या ज्यांच्या घरी अजून हिरवे डबे आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: ते उसवा. आत जे निघेल ते वापरा, बॅटरी कसली आहे ते बघून वापरा, बटण चालू ठेवा. आणि पुन्हा काही बंद पडलं तर माणसावर संशय घेण्याआधी तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. बद्रियाच्या शेडपासून ते टोक, म्हणजे मेन बटण, बारा पावलांवर होतं. पन्नास माणसं उभी होती, पण तेवढं चालत कोणी गेलं नाही.