क्लॅरिनेटवाल्या काकांची श्रद्धांजली

मोठ्या कलाकाराची श्रद्धांजली तो जिवंत असतानाच तयार करून साहेबांच्या कपाटात ठेवायची, ही त्या रेडिओ केंद्राची रीत. निवेदिकेनं क्लॅरिनेटवाल्या काकांची तशीच जमवली होती: त्यांनी वाजवलेली अंगाई, लष्करी बँड, परभाषेतलं लग्नगीत, अगदी साबणाची जाहिरातसुद्धा.

काकांना कुणकुण लागली. फोन आला.

"पोरी, माझ्यावर कार्यक्रम केलायस म्हणे! लाव की."

ती साहेबांकडे धावली.

"वेड लागलंय का? माणूस जाऊ तरी दे!"

ती परतली. काका फोन धरूनच होते.

"काय म्हणाले?"

"नंतर लावू म्हणाले, काका."

"चालेल. फक्त आधी कळव हं. हल्ली दुपारचा डोळा लागतो माझा."