निर्जळीची गोळी

नरहरशास्त्र्यांनी गोळी बघितली आणि सरळ तोंड फिरवलं. "आज निर्जळी एकादशी. उद्या पारणं झालं की घेईन."

वैदेहीनं गोळी वडिलांपुढं तशीच धरून ठेवली. अप्पांच्या काळजातली वीज गेल्या वर्षीच बिघडली होती. डॉक्टरांनी बापलेकीला समोर बसवून सांगितलं होतं, "ठोका पडायला करंट एकाच जागेहून निघावा लागतो. यांचा कुठूनही निघतो, कसाही धावतो, तुमच्या गलीतल्या खांबावरच्या तारांसारखा. वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त तिथंच साचतं. त्याची गाठ मेंदूत गेली की खेळ खलास. रक्त पातळ करायची ही गोळी एकदाही चुकवायची नाही."

शेजारच्या गोपीनाथकाकांनी चुकवली होती. आता तोंड वाकडं, शब्द एक फुटत नाही. आणि अप्पांपाशी वाचेशिवाय होतं तरी काय? सगळी हयात ब्रह्मा घाटावर वेद म्हणण्यात आणि शिकवण्यात गेली. वाचा गेली तर हा माणूस जिवंतपणी मरेल, या भीतीनं ती रोज दचकून उठायची.

तिनं त्यांचं मनगट धरलं. नाडी दोनदा पळाली, थबकली, मग भलतीच उधळली.

"अप्पा, पाया पडते तुमच्या. घोटभर पाण्यानं काय बिघडतंय?"

"व्रत बिघडतं. जिद मत कर, बेटा."

घ्या! म्हणे मी हट्ट करते! वैदेही तणतणत स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर लूचा गरम वारा भणाणत होता. करावं तरी काय? तेवढ्यात देवघरातली घंटा वाजली आणि तिला आठवलं, निर्जळीलाही तीर्थ चालतं. ते पाण्यात धरत नाहीत.

तिनं गोळी कुटली, तीर्थाच्या वाटीत ढवळली, वर तुळस घातली. देवाच्या पाण्यात लबाडी! कळलं तर अप्पा जन्मात तिच्या हातचं तीर्थ घेणार नाहीत.

पूजा आटोपली. तिनं पळीनं त्यांच्या तळहातावर तीर्थ घातलं. अप्पांनी ते ओठांना लावलं आणि थांबले.

"कडू आहे."

"तुळस... तुळस जास्त पडली असेल."

अप्पांनी वाटीच्या तळाकडे बघितलं. पलीकडच्या घरातून गोपीनाथकाकांचं नुसतं हूं हूं ऐकू येत होतं. कुणाला तरी हाक मारत असावेत.

अप्पांनी तीर्थ गिळलं आणि हात पुन्हा पुढे केला.

"तळाशी राहिलंय बघ," ते म्हणाले. "तेही घाल."