देल्वीनाच्या डोक्यातला आवाज

आनेतला जुळं झालं ते एकोणीसशे ऐंशी साल. त्याच सालच्या हिवाळ्यात देल्वीना लागासेचं डोकं फिरलंय असं तिच्या घरच्यांनी ठरवून टाकलं. आनेत ही तिची धाकटी लेक, तिकडे दक्षिणेला बाळंतपणात अडकलेली. ती इथे असती तर गोष्ट त्या थराला गेली नसती.

आवाज सुरू झाला तो थंडीच्या तोंडाला. डबीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा बारीक, तडतडणारा. घर उबदार ठेवणाऱ्या तळघरातल्या तेलभट्टीची गरम हवा जमिनीतल्या जाळ्यांतून वर यायची, तिच्याबरोबर हाही यायचा. स्वयंपाकघरात, बैठकीत, थेट पलंगाखाली. तिने नवऱ्याला सांगितलं. आल्सीदचं आयुष्य नदीकाठच्या कागदगिरणीत मोठ्या यंत्रावर गेलेलं, नुकताच निवृत्त झालेला. तो तळघरात उतरला, भट्टीवर हात ठेवून उभा राहिला आणि वर आला.

"काही नाही. मस्त चाललीय."

"तुला आवाज येत नाही?"

"असला तर येईल ना."

मग भट्ट्यांना तेल पुरवणारा आणि त्या दुरुस्त करणारा लूसियें आला. त्याने जाळी साफ केली, तेलाची तोटी बदलली, कान देऊन ऐकल्यासारखं केलं. वर येऊन देल्वीनाच्या हातची कुट्टूच्या पिठाची धिरडी खाल्ली आणि म्हणाला, "काकू, भट्टी ठणठणीत आहे. परत कुरकुरली तर तिला सांगा, लूसियें येऊन गेलाय, गप्प बस."

आल्सीद खो खो हसला. देल्वीना हसली नाही.

आल्सीदने डॉक्टरच्या कानावर घातलं. डॉक्टरने गोळ्या दिल्या. मुलगा रेनो, तोही गिरणीतलाच, एका रविवारी आला आणि जाताना खुंटीवरची गाडीची किल्ली खिशात घालून गेला. आईने असल्या डोक्याने गाडी चालवू नये म्हणे. पुढच्या रविवारी म्हणाला, "आई, चर्चच्या ननांच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. नुसती बघून येऊ. सोमवारी."

देल्वीना धिरडी उलटत होती. तिने उलथणं खाली ठेवलं, कारण ते हातात राहिलं असतं तर कुणाच्या टाळक्यात बसलं असतं याची तिलाच खात्री नव्हती.

"तुझ्या बापाला विचारलंस?"

"बाबाच म्हणाले."

आल्सीद खिडकीबाहेरचा बर्फ बघत होता.

रेनो गेल्यावर तिने भिंतीवरचा थर्मोस्टॅट, भट्टीची ऊब कमीजास्त करायचं बटण, खाली केला. तळघरातला बर्नर थांबला, आवाज गेला. वर केला. बर्नर घरघरला, आवाज आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. डोक्यातला आवाज भिंतीवरच्या बटणाचं कशाला ऐकेल? तिने आल्सीदला ओढत आणलं. "आता नाही. आता आला. ऐकलंस?"

"नाही ऐकलं. आणि बटणाशी खेळू नकोस, तेल फुकट येत नाही."

ऐकत नाहीत तर यांना दाखवावं लागेल, असं म्हणत ती तळघरात गेली. मोटरची घरघर तिच्या ओळखीची होती. हा आवाज मोटरचा नव्हता. मोटरच्या वर एक लोखंडी पेटी बसवलेली असते, तेल पेटवायची ठिणगी देणारी. तिथून येत होता. झाकण सैल असेल तर दाबल्यावर गप्प बसेल, म्हणून तिने केरसुणीच्या लाकडी दांड्याने झाकण दाबलं. गप्प बसलं नाही. मग तिने खिडकीवर घोंगडी टाकली, दिवा मालवला आणि वाकून झाकणाच्या फटीत पाहिलं. आत निळी ठिणगी नको तिथे उडत होती.

तिने आल्सीदला खाली आणलं, पुन्हा दिवा मालवला आणि मान धरून फटीपाशी वाकवलं.

"अगं," आल्सीद म्हणाला, "ही बाहेरच्या बाहेर उडतेय. आतली चिनीमातीची नळी तडकली असणार."

"आता सांग, माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही?"

"लूसियेंला बोलवायला पाहिजे."

"मी काय विचारतेय?"

"बघ बघ, केवढी लांब जातेय."

"आल्सीद, मी तुला सोडून चाललेय. आत्ता."

"काजळी धरली असेल आत," आल्सीद म्हणाला.

देल्वीनाने दिवा लावला. आल्सीदने मान वर केली आणि तिच्या ओठांकडे पाहिलं. गिरणीतल्या गोंगाटात पुरुष एकमेकांचे ओठ वाचून बोलतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलताना हा आपल्या तोंडाकडे असा बघत राहतो, याचं इतकी वर्षं तिला कौतुक वाटत आलं होतं.

"तुला ऐकू येत नाही."

तो उठून उभा राहिला. "बारीक आवाज येत नाहीत. तेवढेच. निवृत्त करताना गिरणीच्या डॉक्टरने तपासलं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पण लूसियेंलाही आला नाही. रेनोलाही नाही. मला वाटलं…"

"लूसियेंने गिरणी सोडून तेलाचा धंदा धरला. रेनो अजून तिथेच आहे. सगळे बहिरे एकमेकांना विचारून मोकळे झालात, आणि वेडी मी."

"रेनोला सांगू नकोस, देल्वीना."

"मी नाही सांगणार. तू सांगायचंस, आजच्या आज. किल्ली घेऊन ये म्हणावं. बायकोला ननांच्या दारात सोडायला निघालास, पण कान गेलेत हे तुझ्या तोंडातून निघेना. जीभ नव्हती गेली तुझी."

लूसियें आला. लाल बटणाने भट्टी बंद करून त्याने झाकण उघडलं, तडकलेली नळी काढून नवी बसवली. "काकू, हे असंच राहिलं असतं तर एक दिवस भडका उडून घरभर काजळी झाली असती," तो म्हणाला. देल्वीनाने त्याला कॉफी विचारली नाही.

रेनोने किल्ली टेबलावर ठेवली आणि "आई" म्हणून काहीतरी सुरू केलं. देल्वीना किल्ली उचलून, गाडी काढून नदीकाठच्या रस्त्याने निघून गेली. कुठे जायचं ते तिने ठरवलंच नव्हतं. परतली तेव्हा दोघेही स्वयंपाकघरात तसेच बसलेले होते.

वृद्धाश्रमाचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. देल्वीना आल्सीदशी बोलायची, जेवायला वाढायची, पण ज्या गोष्टी त्याला कळू द्यायच्या नसत त्या त्याच्याकडे पाठ करून बोलायची. त्याला नुसते तिचे खांदे दिसायचे. काय म्हणालीस असं तो विचारायचा. ती सांगायची नाही.

आल्सीद लागासे एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत त्याच घरात वारला. देल्वीना शेवटपर्यंत तिथेच राहिली, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या ऑक्टोबरात वारली.